पाण्याला नाही म्हणताना

दवाखान्यातून नुकतंच घरी आलेलं कोणी हे वाचत असेल, हातात फाइल आणि डोक्यात 'डायलिसिस' हा एकच शब्द घेऊन, तर आधी एक करा. जेवून घ्या. मी त्या दिवशी जेवले नव्हते. त्यानं आजाराला काही फरक पडला नाही, मला मात्र भूक लागली.

मी अकोल्यात राहते. घरून जेवणाचे डबे देते. आठवड्यातले तीन दिवस मशीनला जोडलेली असते आणि उरलेल्या दिवसांत गॅससमोर उभी असते. आजाराबद्दल सांगायला डॉक्टर आहेत, मी त्यात पडत नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. या आजारात सुई दुखते, पण तिची सवय होते. पाण्याला नाही म्हणायची सवय होत नाही. आणि माझं तर त्या एका 'नको'पायी माहेर तुटायला आलं होतं.

अमरावतीचा दिवस

पाय सुजायचे. मी म्हणायची, दिवसभर उभं राहून होत असेल. सकाळी मळमळायचं, तर पित्ताची गोळी घ्यायची. चपलेचा पट्टा पायात रुतून खळी पडायची आणि ती दुपारपर्यंत भरायची नाही, तरी मी चप्पल बदलली, डॉक्टर नाही गाठला. शेवटी पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन अमरावतीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथले डॉक्टर ह्यांना म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा."

मी म्हटलं, "किडनी माझी आहे ना सर? मग मी बसते, ह्यांना बाहेर बसवा."

डॉक्टरांना हसू आलं. मग ते हसणं ओसरलं आणि त्यांनी सांगितलं की दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत, आता औषधानं भागणार नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमचं. मी परत विचारलं, कारण मला वाटलं मी नीट विचारलं नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चहा घेतं का?" मी म्हटलं घेते. चहा आला, निवला, दोघांनीही घेतला नाही. मग हे औषधाच्या दुकानासमोर उभं राहून भिंतीकडे तोंड करून रडले. मला इतका राग आला म्हणून सांगू! आजार मला, आणि समजूत मी घालायची? पण घातली. दुसरं कोण होतं तिथं?

हात

मशीनला जोडण्यासाठी डाव्या हातात एक छोटं ऑपरेशन करतात. त्यानंतर ती नस फुगते आणि हात लावला की आत गुरगुरतं, मांजर मांडीवर बसल्यासारखं. या हातानं जड उचलायचं नाही, यावर बीपी घ्यायचा नाही, यात घट्ट काही घालायचं नाही. म्हणजे बांगड्याही नाहीत.

गल्लीतल्या एका बाईनं हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय वं, एका हातात बांगड्या काहून नाई?"

मी म्हटलं, "एका हाताचं लग्न झालं. दुसरा अजून कुवारा हाय."

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण त्यानंतर तिनं माझ्याकडे वाण न्यायला यायचं टाळलं ते टाळलंच.

मशीनवर

पहिले काही महिने डबे बंद ठेवले. घरात पडून राहिले. भांड्यांचा आवाज नाही, फोडणीचा वास नाही. लोक सुरुवातीला भेटायला आले, सफरचंदं घेऊन आले, गप्प बसले आणि गेले. पुढं तेही कमी झालं. मला वाटलं, आपण अजून गेलो नाही तरी लोक सांत्वनाला येऊन गेले.

मग एका सकाळी उठून कांदे चिरायला घेतले. मशीनच्या दिवशी डबा नाही, हे गिऱ्हाइकांना सरळ सांगितलं. ज्यांना पटलं ते राहिले. मोठं पातेलं हे उचलतात, कणीक हे मळतात, मीठ हेच चाखतात, कारण माझी जीभ आता मिठाचं काही सांगत नाही. भाजी चांगली झाली की डबा लावलेली कॉलेजची मुलं तो घासून परत देतात, बिघडली की तसाच देतात. मला त्या घासलेल्या डब्यांचं जेवढं सुख होतं तेवढं कुठल्या औषधानं झालं नाही. काम सुटलं की हा आजार माणूस गिळतो. काम धरून ठेवा, अर्धं का होईना.

मशीनच्या खोलीत मात्र थंडी फार. बाहेर अकोल्याचं ऊन आणि आत आम्ही सगळे गोधड्या पांघरून. नदीम नावाचा टेक्निशियन आहे, सुई टोचायच्या आधी तो नेहमी विचारतो, "काकू, आज भाजी कोणती होती?" मी सांगेपर्यंत सुई गेलेली असते. मला त्याची युक्ती पहिल्याच आठवड्यात कळली होती, पण मी भाजी सांगत राहिले. काही लबाड्या चालू ठेवाव्या.

सुई जाण्याआधी वजन करतात. दोन मशीनच्या मधल्या दिवसांत पाणी किती प्यालं ते काट्यावर दिसतं. "काकू, पानी जास्त झालं!" असं नदीम ओरडला की अख्ख्या खोलीला कळतं. शाळेत गणित चुकल्यावर व्हायचं तसं होतं.

पाणी

माझी एक छोटी बाटली आहे. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा त्यातच, गोळ्या घ्यायला लागतं ते त्यातच, पातळ वरणही त्यातच धरायचं. एप्रिल-मे मध्ये दुपारी जीभ टाळूला चिकटते. बर्फाचा खडा तोंडात धरला तर घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो, हे नव्यांनी लक्षात ठेवा. लिंबाची फोड हुंगली तरी थोडं बरं वाटतं. बाकी उपाय नाही.

घरात हे माझ्यासमोर पाणी पीत नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन, नळ हळू सोडून, दाराआड पितात. एकदा मी ओरडलेच, "समोर प्या ना! चोरून काय पिता, दारू आहे का?" त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बाहेर निघून गेले. चांगुलपणानं माणूस किती एकटं पडतं, हे मला या आजारानं शिकवलं. जेवायलाही मी शेवटी बसते. बिनमिठाचं ताट, उकळून पाणी फेकलेले बटाटे, आणि समोर कोणी नाही.

आणि आमच्या वऱ्हाडात कुठंही जा, बसायच्या आधी पाणी पुढं येतं. नको म्हटलं की माणसाचं तोंड उतरतं. त्यात इथं घरटी एकाला तरी मुतखडा झालेला. त्यामुळे किडनी म्हटलं की सगळे डॉक्टर.

"किडनीचं हाय ना? मंग पानी पेत जा भरपूर. माह्या साळ्याचा खडा पान्यानंच पडला."

मी समजावून सांगायची, की अवो, खडा वेगळा, माझं वेगळं, माझं पाणी शरीरात साचतं, फुप्फुसात जातं. लोक मान हलवायचे आणि परत ग्लास पुढं करायचे. पाचपन्नासदा सांगून मी थकले. मग नुसतं "नको" म्हणायला लागले. तोडून, छोटं, कारण न देता. तिथंच घोळ झाला.

प्रल्हाद

माझा भाऊ प्रल्हाद हिवरखेडला असतो. माझ्याहून लहान, मला बाई म्हणतो. वावर तोच करतो. त्याची बायको मंगला, सरळ बोलणारी बाई, मला आवडते.

आमचं भांडण बाबांवरून झालं होतं, माझ्या आजाराच्या आधी. बाबांचं जास्त झालं तेव्हा मला उशिरा कळवलं. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. प्रल्हाद म्हणायचा, वाटलं नव्हतं एवढ्यात जातील. मी म्हणायची, तुला वाटलं नव्हतं तर मला वाटू द्यायचं होतं. तेरवीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, सगळ्या सोयऱ्यांदेखत मी त्याला म्हटलं, "यापुढं तुह्या घरचं पानी पेनार नाई मी." आणि बस धरली.

असं रागात कोण बोलत नाही? पण आमच्याकडे ते बोलणं लोक लक्षात ठेवतात.

आजार निघाला तेव्हा तो अमरावतीला येऊन गेला. मला तिथंच भरती केलं होतं, मी गुंगीत होते. बाहेर बाकावर ह्यांच्याजवळ बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता आपण जायचं. पुढच्या आखाजीला बाबांच्या नावानं घागर भरायची होती. उन्हाळ्यातल्या त्या सणाला गेलेल्या माणसासाठी पाण्यानं भरलेली घागर पूजतात. त्या दिवसाचं निमित्त बरं होतं. हेही सोबत आले.

बस अकोटपर्यंत तापून गेली होती. दुसऱ्या दिवशी मशीन, म्हणजे पाणी अंगात आधीच साचलेलं, पाय टम्म. बाटली मी अकोटच्या आधीच संपवली होती, तो माझा हावरटपणा. हिवरखेडला पोचलो, ओट्यावर टेकले, तोच मंगला तांब्या-पेला घेऊन आली. चकचकीत घासलेला तांब्या. गावातले दोघंतिघं बसलेले होते.

मी म्हटलं, "नको."

मंगला म्हणाली, "घोटभर तरी घ्या ताई. उन्हाच्या आल्या."

"नको म्हटलं ना."

तिनं तांब्या माझ्या पायाजवळ ठेवला. प्रल्हाद उठून गोठ्याकडे गेला. मला त्यात काही दिसलं नाही. मी रोज चार ठिकाणी पाण्याला नाही म्हणणारी बाई, मला काय त्याचं! घागर पुजली, नमस्कार केला, जेवणात दोन घास भाताचे घेतले. जेवताना हे बोलून गेले की डॉक्टर म्हणतात, घरातल्या कोणाची किडनी जुळली तर मशीन सुटेल. प्रल्हादनं ताटातून मान वर केली नाही. संध्याकाळी आम्ही परत निघालो. पोचवायला तो नाक्यापर्यंतही आला नाही.

फोन न येण्याचे महिने

राखीला तो आला नाही. मी राखी पोस्टानं पाठवली. पोचली का, हेही कळलं नाही. फोन केला तर मंगला उचलायची, "वावरात गेले" म्हणायची आणि पुढं बोलायला काही नसायचं.

मशीनच्या खोलीत या विषयावर सगळ्यांकडे एकेक गोष्ट असते. माझ्या शेजारच्या पलंगावर एक निवृत्त गुरुजी असतात. ते म्हणाले, "बाई, किडनी हा शब्द निघाला की सोयऱ्यांचे फोन बंद होतात. माझ्या सख्ख्या पुतण्यानं रस्ता बदलला." मला ते लागलं. मी जोडून पाहिलं. जेवणात ह्यांनी किडनीचं काढलं, त्यानं मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून तो गप्प. झालं, हिशेब जुळला.

मी किडनी मागितली नव्हती. मागणारही नव्हते. पण त्याला वाटलं असेल बहीण मागायला आली, या विचारानं मी आतून पेटून जायची. भाकरी थापताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडायची. ठेव बाबा तुझी किडनी, दोन्ही ठेव, लोणचं घाल. आणि मग त्याच भाकरीवर रडायची. ह्यांच्याशी बोलायची सोय नव्हती, कारण विषय काढला की त्यांना अपराधी वाटायचं.

भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट लावलं. उगाच. येणार नाही हे माहीत असून लावलं. दिवा तेल संपेपर्यंत जळला. त्या दिवशी मी खरंच एकटी होते. आजारानं नाही वाटलं तसं, मशीनवर नाही वाटलं तसं. आईबाप गेलेल्या बाईला भाऊ म्हणजे माहेर. तो नाही तर मग मी कुठून आले, हेच सांगायची सोय राहत नाही.

मंगला

भाऊबीज झाल्यावर दोनतीन दिवसांत मंगलाचा फोन आला. नमस्कार नाही, तब्येत नाही, एकदम सुरू झाली.

"ताई, एक सांगा मले. आमच्या घरचं पानी तुमी आता जलमभर घेनार नाई का?"

मी म्हटलं, "काय बोलून राहिली तू?"

"आखाजीले तुमी भर उन्हाच्या आल्या अन् माह्या हातचं पानी नाई घेतलं. लोकाइसमोर नाई म्हटलं. हे तेव्हापासून तोंड उघडत नाईत. राखी आली तं देव्हाऱ्यात ठेवली, हातात नाई बांधली. म्हनतात, बाई बोलली थे खरं करून गेली. बाबाच्या घागरीच्या दिवशी खरं करून गेली."

मी खुर्चीवर बसले. आधी मला कळेच ना. मग कळलं, आणि मला हसू यायला लागलं, आणि ते हसू कुठं रडण्यात गेलं ते समजलं नाही. मी ओरडले, "अवं मंगले, मले पानी चालत नाई! डॉक्टरनं बंद केलं हाय! दिवसाले एक बाटली, एवढीशी! माह्या अंगात साचते थे!"

"किडनीले तं पानी लागते ना? ह्यायचा खडा पडला तेव्हा घागरभर पाजलं म्या."

"खडा नोहे वं! माहा खडा नोहे!"

पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज आला. प्रल्हाद.

"बाई, खरं सांगून राहिली?"

"नदीमले फोन लावून देऊ? थो सांगते माहं वजन."

मग मीच माझं ओकून टाकलं. म्हटलं, "अन् मले वाटलं तू किडनीले भेला. मी मागीन म्हनून."

तो म्हणाला, "तू माह्या घरचं पानी घेत नाई, बाई. किडनी कुठून घेशीन?"

किडनीचं पुढं काय होईल ते मला आज हे लिहितानाही माहीत नाही. त्याचं वय, त्याची साखर, मंगलाचं मन, सगळं त्यात आहे. तो विषय आम्ही काढला नाही. पण त्या वाक्यानं मला जे द्यायचं ते देऊन टाकलं.

बुधवार

मंगळवारी मशीन झालं. अंग हलकं होतं, पाय सरळ होते. बुधवारी सकाळी ह्यांना म्हटलं, मी एकटी जाते. बाटली भरलीच नाही. गोळ्या बोटभर चहासोबत घेतल्या आणि बसले हिवरखेडच्या गाडीत. नव्या पेशंटनी असं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मीही विचारलं नव्हतं.

अकोट येईपर्यंत तोंडाला कोरड पडली. शेजारची बाई संत्रं सोलत होती. तिनं दोन फोडी पुढं केल्या, मी हात जोडले. संत्रंही मला चालत नाही, पण त्या दिवशी चाललं असतं तरी घेतलं नसतं.

प्रल्हाद नाक्यावर गाडी घेऊन उभा होता. केस पांढरे झाले होते त्याचे. "आली?" म्हणाला. "आली," म्हटलं. रस्ताभर तेवढंच.

ओट्यावर टेकले. या वेळी बाहेरचं कोणी नव्हतं. मंगला आतून आली. तिच्या हातात बशी आणि बशीत चहाचा लहान कप. कपात तळाशी पाणी.

मी विचारलं, "हे काय?"

प्रल्हाद म्हणाला, "गावच्या डॉक्टरले इचारलं म्या. थो म्हने कमीच द्या. यापेक्षा जास्त नाई देनार तुले."

"तांब्या आन, मंगला."

"नाई ताई. तुमाले काही झालं तं?"

"सकाळपासून पान्याचा थेंब नाई घेतला. सारी बाटली वाचवून आनली म्या, अकोल्यापासून इथवर. तांब्या आन."

ती त्याच्याकडे पाहायला लागली. तो माझ्याकडे. मग तो स्वतः उठला, आत गेला, माठातून पेला भरून आणला. काठोकाठ नाही, चार बोटं कमी. मी तो परत त्याच्यापुढं धरला.

"भर."

"बाई, ऐक ना."

"भर म्हटलं ना पल्या."

लहानपणी पल्या म्हणायची त्याला. त्यानं पेला भरला. थोडं ओट्यावर सांडलं. मी दोन्ही हातांनी घेतला, बांगड्यांच्या आणि बिनबांगड्यांच्या, आणि प्याले. घाई केली नाही. थंड होतं, मातीचा वास होता. तो समोर उकिडवा बसून माझ्या गळ्याकडे पाहत होता, घोट उतरतो की नाही ते. शेवटचा घोट झाला तसा त्यानं पेला माझ्या हातातून घेतला, आत डोकावून पाहिला आणि तोंड फिरवून गमछ्यानं डोळे पुसले.

मग मंगला म्हणाली, "ताई, आता आजच्या दिवस राहाच."

राहिले. उरलेला सगळा दिवस कोरडा काढला, पण माहेरी काढला.